सेंद्रिय आणि पॉलिमर रसायनशास्त्राचे अध्यापक व्हायचं असेल तर: एम.एस्सी.पासून स्वतःच्या प्रयोगशाळेपर्यंत

‘सेंद्रिय आणि पॉलिमर रसायनशास्त्र’ अशा जोडनावाची अध्यापकाची जागा अनेक विद्यापीठांत असते. या जागेवर काम करणाऱ्याला दोन वेगळ्या सवयी अंगी बाणवाव्या लागतात. सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाला बाटलीत एकच रेणू हवा असतो आणि तोही शुद्ध. पॉलिमरवाल्याच्या बाटलीत कमीअधिक लांबीच्या असंख्य साखळ्या असतात, त्यामुळे तो सरासरीच्या भाषेत बोलतो. माझं ठाम मत असं की, रेणू बनवण्यातली पहिली शिस्त आणि मोजण्यातला दुसरा काटेकोरपणा ज्याने सुरुवातीलाच कमावला, त्याला पुढे संशोधनाचे विषयही कमी पडत नाहीत आणि वर्गात सांगण्यासारखंही. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

हे दोन विषय एका नावाखाली आले ते इतिहासामुळे. हेरमान श्टाउडिंगर कीटीन या क्रियाशील संयुगांवरच्या कामामुळे सेंद्रिय रसायनशास्त्रात आधीच नावाजलेले होते. १९२० साली त्यांनी मांडलं की रबर, सेल्युलोज वगैरे पदार्थ म्हणजे साध्या सहसंयुज बंधांनी जोडलेल्या लांबच लांब साखळ्या आहेत. त्या काळी बहुतेकांना हे लहान रेणूंचे पुंजके वाटत. श्टाउडिंगर यांना नोबेल मिळायला १९५३ साल उजाडलं. वॉलेस कॅरोथर्स हार्वर्डमध्ये सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवत होते. १९२८ मध्ये ते ड्यूपाँट कंपनीत गेले आणि १९३५ मध्ये त्यांच्या गटाने नायलॉन तयार केलं. त्यासाठी त्यांनी नवी अभिक्रिया शोधली नव्हती. एस्टर आणि अमाइड बनवण्याच्या जुन्याच अभिक्रिया त्यांनी दोन्ही टोकांना क्रियाशील गट असलेल्या रेणूंवर चालवल्या. तुमचं करिअरही बरंचसं याच वाटेने जाणार आहे: ओळखीची अभिक्रिया, पण ती शेकडो वेळा, न चुकता.

पहिली पायरी: हात तयार करा

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापासून पीएच.डी.च्या पहिल्या वर्षापर्यंतचा काळ निव्वळ हात बसवण्यात गेला तरी वाया गेला असं समजू नका. टीएलसी (पातळ थरावर मिश्रणाचे घटक वेगळे करून पाहणं), कॉलम (भरलेल्या नळीतून मिश्रण वेगळं करणं), पुनर्स्फटिकीकरण, निर्वात ऊर्ध्वपातन, श्लेंक लाइन (हवा लागू न देता काम करण्याची काचनळ्यांची जोडणी) या गोष्टी कोणाला न विचारता करता आल्या पाहिजेत.

शुद्धतेचा इतका आग्रह का, हे एका हिशेबातून कळतं. साध्या सेंद्रिय संश्लेषणात ९५ टक्के उत्पादन मिळालं की माणूस खूश होतो. दोन प्रकारचे गट एकमेकांशी जोडत जाणाऱ्या पॉलिमरीकरणात मात्र साखळीची सरासरी लांबी काढण्यासाठी १ मधून रूपांतराचं प्रमाण वजा करायचं आणि येणाऱ्या संख्येने १ ला भागायचं. रूपांतर ९५ टक्के असेल तर उत्तर येतं २०. म्हणजे सरासरी वीस एककांची साखळी, जिचा धागाही निघत नाही. ९९ टक्क्यांना १०० आणि ९९.५ टक्क्यांना २००. शेवटच्या चारसाडेचार टक्क्यांत सगळा जीव आहे. त्यातही दोन मोनोमरपैकी (ज्यांची साखळी बनते त्या लहान रेणूंपैकी) एकाचे गट १ टक्क्याने कमी पडले, तर अभिक्रिया अगदी पूर्ण झाली तरी सरासरी लांबी १९९ च्या पुढे जात नाही. डायॉलमध्ये (दोन अल्कोहोल गट असलेल्या मोनोमरमध्ये) राहिलेलं थोडंसं पाणी किंवा वजन करताना झालेली लहानशी चूक नेमकी इथे नडते. कॅरोथर्स यांच्या गटालाही खऱ्या अर्थाने लांब साखळ्या मिळाल्या त्या तयार होणारं पाणी सतत ओढून काढणारं खास ऊर्ध्वपातन उपकरण वापरल्यावरच.

मूलक (जोडी नसलेलं इलेक्ट्रॉन असलेला कण) साखळी वाढवतो, त्या मूलक पॉलिमरीकरणाच्या सवयी वेगळ्या. स्टायरीनच्या बाटलीत टर्ट-ब्युटाइलकॅटेकॉल असतं, मिथाइल मेथॅक्रिलेटमध्ये बहुधा हायड्रोक्विनोनचा मोनोमिथाइल ईथर. बाटली वाटेत आपोआप घट्ट होऊ नये म्हणून घातलेले हे इनहिबिटर. वापरण्याआधी मोनोमर बेसिक अॅल्युमिनाच्या छोट्या कॉलममधून काढा. एआयबीएन (मूलक देऊन साखळी सुरू करणारा पदार्थ) मेथनॉलमधून पुनर्स्फटिकीकरण करून फ्रिजमध्ये ठेवा. ते करताना कोमटच्या पुढे तापवू नका, कारण ६५ अंश सेल्सिअसला त्याचा अर्धायुकाल साधारण दहा तासांचा असतो आणि विघटन त्याच्या बरंच खालच्या तापमानापासून सुरू होतं. ऑक्सिजन काढायला द्रव नायट्रोजनमध्ये गोठवणं, निर्वात करणं आणि वितळवणं हे चक्र किमान तीनदा करा.

एक गोष्ट पुस्तकात क्वचितच ठळकपणे सांगितलेली आढळते: मोनोमिथाइल ईथरच्या प्रकारच्या इनहिबिटरला काम करायला विरघळलेला ऑक्सिजन लागतो. म्हणून असा मोनोमर ‘सुरक्षित राहावा’ म्हणून नायट्रोजनखाली साठवू नका. चांगल्या हेतूने केलेली ती गोष्ट उलट धोका वाढवते.

दुसरी पायरी: पीएच.डी.चा विषय आणि गाइड

नावाजलेला गट पाहून अर्ज करण्याआधी त्या गटातल्या दोनतीन विद्यार्थ्यांशी एकेकट्याने बोला. पेपरचा पहिला मसुदा कोण लिहितं? प्रयोग फसला की गाइड काय विचारतात? आधीचे विद्यार्थी किती वर्षांत मोकळे झाले आणि आज कुठे आहेत? जीपीसी (साखळ्या आकाराप्रमाणे वेगळ्या करणारं यंत्र) आणि एनएमआर (रेणूची रचना दाखवणारं यंत्र) स्वतः चालवायला मिळतं की नमुना देऊन आठवडाभर वाट पाहायची? या प्रश्नांची उत्तरं मिळाली की गाइडच्या पेपरांची संख्या मोजायची फारशी गरज उरत नाही.

विषय साधारण तीन तऱ्हेचे असतात. नवा मोनोमर बनवून त्याचं पॉलिमर करणं. साखळी वाढवण्याची पद्धत सुधारणं. किंवा माहीत असलेल्या पॉलिमरला नवं काम देणं. अध्यापक व्हायचं असेल तर मी पहिल्या दोहोंपैकी एकाकडे झुकेन, कारण त्यात अभिक्रियेची यंत्रणा खोलवर कळते आणि तीच पुढे शिकवायची असते. तिसऱ्यात पेपर लवकर निघतात, पण त्या उपयोगाची लाट ओसरली की हातात काय राहतं, ते आधी पाहा.

या काळात मापन शिकणं हे संश्लेषणाइतकंच महत्त्वाचं. जीपीसीवरचा आकडा बहुतेक वेळा पॉलिस्टायरीनच्या मानकांशी तुलना करून आलेला असतो. ते यंत्र साखळीचं वजन करत नाही, द्रावणातला तिचा फुगीर आकार पाहून क्रम लावतं. त्यामुळे पॉलिअमाइड किंवा पॉलिएस्टरचा ‘रेणुभार’ सांगताना तो सापेक्ष आहे हे लिहायलाच हवं. एनएमआरवर टोकाच्या गटांवरून लांबी काढता येते, पण साखळी लांबत गेली की टोकाचा संकेत पार्श्वभूमीत हरवतो. डीएससीमध्ये (नमुना तापवताना उष्णतेची देवाणघेवाण मोजणाऱ्या यंत्रात) पहिल्या तापवणीत नमुन्याचा पूर्वेतिहास दिसतो, म्हणून काचसंक्रमण तापमान (जिथे काचेसारखं कडक पॉलिमर मऊ होऊ लागतं) दुसऱ्या तापवणीतून द्या. दोन वेगळ्या पद्धतींनी आलेले आकडे जुळत नसतील तर त्या न जुळण्यातच अनेकदा प्रबंधाचं सर्वांत चांगलं प्रकरण दडलेलं असतं. ते लपवू नका, त्याच्या मागे लागा.

तिसरी पायरी: पोस्टडॉक

इथे माझा एकच सल्ला: काहीतरी बदला. पीएच.डी. निव्वळ संश्लेषणात झाली असेल तर प्रवाहिता (पदार्थ कसा वाहतो याचा अभ्यास) किंवा क्ष-किरण प्रकीर्णन करणाऱ्या गटात जा. पॉलिमरमध्ये झाली असेल तर धातूंच्या उत्प्रेरकांवर काम करणाऱ्या सेंद्रिय गटात. ऑलिफिन मेटाथिसिसचं, म्हणजे द्विबंधांच्या टोकांच्या अदलाबदलीचं, उदाहरण घ्या. २००५ सालचं नोबेल शोव्हाँ, ग्रब्ज आणि श्रॉक यांना त्यासाठी मिळालं. तीच अभिक्रिया लहान रेणूंमध्ये वलय बंद करते आणि ताणलेल्या वलयांपासून पॉलिमरही बनवते. असे दुवे एका जागी बसून दिसत नाहीत.

पोस्टडॉक संपत आलं की गाइडशी मोकळेपणाने बोलून घ्या की कोणती कल्पना तुम्ही सोबत नेणार आणि कोणती त्यांच्याकडे राहणार. हे बोलणं अवघड वाटतं, पण दोन वर्षांनी एकाच विषयावर आमनेसामने येण्यापेक्षा ते फार सोपं आहे.

चौथी पायरी: अर्ज आणि मुलाखत

संशोधन आराखड्यात तीन प्रश्न मांडा, पण तिघांचा आवाका वेगळा ठेवा. पहिला असा की साध्या काचसामानावर आणि एका विद्यार्थ्यासोबत सहा महिन्यांत काहीतरी दिसेल. दुसरा मोठा, पाच वर्षांचा. तिसरा असा, ज्यात विभागातल्या कोणाची तरी मदत लागेल; त्या व्यक्तीचं काम वाचून, तिच्या कामाचा नेमका संदर्भ देऊन लिहा. निवड समितीला कळतं की हा माणूस कोणत्या विभागात येतोय ते पाहून आलाय.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे, ‘आमच्याकडे अमुक यंत्र नाही, काय कराल?’ उत्तर तयार असू द्या. जीपीसी नसेल तर द्रावणाची श्यानता मोजणारं उबेलोडे विस्कोमीटर आणि त्यावरून रेणुभार काढणारं मार्क–हाउविंक समीकरण आहे. लहान साखळ्यांना टोकाच्या गटांचं अनुमापन आहे. हे सांगताना त्या पद्धतींच्या मर्यादाही सांगा. मी पाहिलेल्या चांगल्या उमेदवारांत एक गोष्ट समान होती: त्यांना यंत्राच्या नावापेक्षा आपल्याला नेमकं काय मोजायचं आहे हे पक्कं ठाऊक होतं.

नमुना तास घ्यायला सांगितला तर मोठा विषय उरकू नका. एकच यंत्रणा घ्या, फळ्यावर बाण काढत जा आणि मध्ये थांबून समितीलाच विचारा की पुढचं इलेक्ट्रॉन कुठे जाईल.

पाचवी पायरी: वर्गातलं पहिलं वर्ष

पहिल्या वर्षी तयारीला जितका वेळ लागेल असं वाटतं, त्याहून बराच जास्त लागतो. तो द्या. संशोधन थोडं मागे राहिलं तरी चालेल.

सेंद्रियमध्ये विद्यार्थी अभिक्रिया पाठ करतात. पॉलिमरचा पेपर आला की ते त्याला वेगळाच विषय समजून पुन्हा पहिल्यापासून पाठ करतात. जोडनावाच्या अध्यापकाचं खरं काम इथे आहे. द्विबंधावर मूलक कसा जोडला जातो हे ज्या तासाला शिकवलं, त्याच फळ्यावर पुढची पायरी काढा: तयार झालेला मूलक आणखी एका मोनोमरवर जाऊ द्या. कार्बअॅनायन (कार्बनवर ऋणभार असलेला आयन) शिकवताना मायकेल श्वार्त्स यांचं १९५६ सालचं काम सांगा. पाणी आणि हवा नसेल तर स्टायरीनच्या ऋणभारित साखळ्या थांबतच नाहीत, पुन्हा मोनोमर घातला की पुन्हा वाढतात. त्यातूनच ठोकळ्याठोकळ्यांचे सहपॉलिमर बनवता येऊ लागले. एस्टरीकरण शिकवलं की पॉलिएस्टर, वलय उघडणं शिकवलं की लॅक्टाइड (लॅक्टिक आम्लापासून बनलेलं वलय). मुलांच्या चेहऱ्यावर ‘अरे, हे तर आपल्याला येतंय’ असं उमटतं, तो क्षण या नोकरीतला माझा सर्वांत आवडता आहे.

सरासरी रेणुभार शिकवताना व्याख्येपासून सुरुवात केली की वर्ग हातचा जातो. दोनच साखळ्या घ्या: एक १०,००० ची, एक १,००,००० ची. संख्यासरासरी ५५,०००. आता प्रत्येक साखळीला तिच्या वजनाइतकं मत द्या. भारसरासरी येते जवळपास ९१,८००. दोहोंचा भागाकार सुमारे १.६७, हीच विस्तृती. मग विचारा, वितळलेल्या पॉलिमरचा घट्टपणा यांपैकी कोणत्या सरासरीला जास्त मानेल? चर्चा सुरू होते आणि सूत्र नंतर मुलंच मांडतात.

प्रात्यक्षिकांत नायलॉनची दोरी जरूर दाखवा. पॉल मॉर्गन आणि स्टेफनी क्वोलेक यांनी १९५९ मध्ये हे प्रात्यक्षिक प्रसिद्ध केलं. क्वोलेक यांनीच पुढे केव्लारला जन्म देणारा शोध लावला. पाण्यात हेक्झामिथिलीनडायअमीन, न मिसळणाऱ्या सेंद्रिय द्रावकात सेबॅकॉइल क्लोराइड. दोन थरांच्या सीमेवरचा पापुद्रा चिमट्याने उचलला की धागा येतच राहतो. तो धागा दोन्ही द्रावणांनी ओला असतो, म्हणून हातमोज्यांशिवाय आणि धुतल्याशिवाय कोणालाही हात लावू देऊ नका. दोरी संपली की विचारा: मघाशी आपण म्हणालो की दोन्ही मोनोमर तंतोतंत सारख्या प्रमाणात हवेत, मग इथे मोजमाप न करता लांब साखळी कशी मिळाली? उत्तर सीमेवरच्या विसरणात आणि अभिक्रियेच्या वेगात आहे. एवढ्या एका प्रश्नावर अख्खा तास रंगतो.

सहावी पायरी: स्वतःची प्रयोगशाळा

पहिल्या विद्यार्थ्याची निवड घाईने करू नका. गुणांपेक्षा त्याची प्रयोगवही पाहा. तारीख, बाटलीचा बॅच क्रमांक, द्रावणाचा रंग कधी बदलला, अशा नोंदी करणारा विद्यार्थी मिळाला की त्याच्या हाताखाली पुढचे आपोआप तयार होतात.

खरेदीत आधी धूरकक्ष, निर्वात पंप, श्लेंक लाइन आणि चांगला तराजू. मोठी यंत्रं इतरांबरोबर वाटून घ्या.

आणि सुरक्षितता. याबद्दल मी थोडं लांबण लावतो, कारण इथे अध्यापकाच्या सवयी थेट विद्यार्थ्यांच्या अंगाशी येतात. डिसेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हवेत पेटणारं टर्ट-ब्युटाइललिथियम सिरिंजने काढताना आग लागली आणि अंगात लॅब कोट नसलेली तरुण संशोधन सहायक काही दिवसांनी दगावली. हे प्रकरण पुढे फौजदारी न्यायालयात गेलं, आरोप प्रयोगशाळेच्या प्रमुखावर झाले. हवेत पेटणारी अभिकर्मकं नव्या विद्यार्थ्याला ‘बघून शीक’ म्हणून देऊ नका. स्वतः बाजूला उभे राहा, आधी पाण्यासारख्या निरुपद्रवी द्रवावर सराव करून घ्या.

पॉलिमरवाल्यांचे स्वतःचे धोके वेगळे आहेत. द्रावकाशिवाय केलेलं मूलक पॉलिमरीकरण घट्ट होत जातं तसं अचानक वेग घेतं, कारण साखळ्यांची टोकं एकमेकांना भेटून विझू शकत नाहीत पण छोटा मोनोमर मात्र पोहोचत राहतो. पाच मिलिलिटरला जे शांत चाललं, ते अर्धा लिटरला उष्णता बाहेर न पडल्यामुळे उकळून उसळतं. प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवा. टीएचएफ आणि ईथर या द्रावकांमध्ये स्फोटक पेरॉक्साइड साठतात. बाटली उघडल्याची तारीख लिहा आणि ठरावीक काळाने तपासा. क्लिक रसायनशास्त्राला (रेणू चटकन आणि खात्रीने जोडण्याच्या पद्धतीला) २०२२ चं नोबेल मिळाल्यापासून अॅझाइड (तीन नायट्रोजन अणूंचा गट असलेली संयुगं) अनेक प्रयोगशाळांत पोहोचले आहेत. त्यांच्यासाठी हिशेब लक्षात ठेवा: रेणूतल्या कार्बन आणि ऑक्सिजन अणूंची बेरीज नायट्रोजन अणूंच्या किमान तिप्पट असावी. सोडियम अॅझाइड आणि डायक्लोरोमिथेन एकत्र कधीही येऊ देऊ नका, त्यातून स्फोटक डायअॅझिडोमिथेन तयार होतं. टाकाऊ द्रावकांच्या कॅनवर काय घातलं ते लिहिण्याची सक्ती याच कारणासाठी करायची.

सातवी पायरी: पेपर आणि ग्रँट

पेपर पाठवण्याआधी मुख्य पॉलिमर दुसऱ्या विद्यार्थ्याकडून, फक्त वही वाचून, पुन्हा करून घ्या. त्याला जमलं नाही तर वहीत काहीतरी राहिलंय. जीपीसीचे आलेख पूर्ण छापा, छोट्या रेणुभाराकडची शेपटी कापू नका. लेखकांचा क्रम काम सुरू होतानाच बोलून ठेवा. पैसे भरले की चार दिवसांत छापणाऱ्या जर्नलांपासून लांब राहा. नेमणूक समितीत बसणारे लोक ती नावं ओळखतात.

ग्रँटच्या अर्जात मोठी विशेषणं टाळा, विशेषतः ‘जैवविघटनशील’ हे. पॉलिलॅक्टिक आम्ल औद्योगिक कंपोस्टमध्ये ६० अंश सेल्सिअसच्या आसपास विघटित होतं, पण थंड समुद्राच्या पाण्यात जवळजवळ जसंच्या तसं राहतं. कोणत्या तापमानाला, कशात, किती दिवसांत आणि शेवटी काय उरतं, हे लिहिलं की परीक्षकाचा विश्वास बसतो. अर्ज फेटाळला गेला तर अभिप्राय आठवडाभर बाजूला ठेवा, मग विषय न जाणणाऱ्या सहकाऱ्याला पहिलं पान वाचायला द्या. बहुतेक वेळा प्रश्न चांगला असतो, तो तिसऱ्या पानावर अडकलेला असतो.

आठवी पायरी: मधली वर्षं

कायम झाल्यावर समित्या, परीक्षा आणि अभ्यासमंडळं वेळ खाऊ लागतात. अभ्यासक्रमाची समिती मात्र सोडू नका. सेंद्रिय आणि पॉलिमरचे पेपर एकमेकांना जोडून घेण्याची संधी तिथेच मिळते. प्रयोगशाळेत आठवड्यातून अर्धा दिवस तरी स्वतःच्या हाताने काम करा, विद्यार्थ्यांच्या अडचणी त्यामुळे लवकर समजतात.

रंग, चिकटद्रव्यं, वेष्टनं, वैद्यकीय साहित्य असे उद्योग तुमच्याकडे येतील, कारण पॉलिमरचा माणूस त्यांना लागतोच. हे काम घ्या. विद्यार्थ्यांना नोकऱ्या बहुतांशी तिथेच मिळतात आणि वर्गात सांगायला खरे प्रश्नही तिथूनच येतात. पण सही करण्याआधी दोन गोष्टी विद्यापीठाच्या कार्यालयाकडून तपासून घ्या. पेटंटचा अर्ज दाखल होण्याआधी परिषदेत पोस्टर लावलं तर अनेक देशांत हक्क जातो, म्हणून क्रम आधी ठरवा. आणि कंपनी प्रकाशन जास्तीत जास्त किती महिने थांबवू शकेल, ते करारात आकड्यात लिहून घ्या, म्हणजे त्या कामावर असलेल्या विद्यार्थ्याचा प्रबंध अडकून पडणार नाही.